राजकीय कॉमेडीत बाजू घ्यावी का? लेट नाईटवाल्यांचं नेमकं काय झालं

प्रश्न स्टँडअप करणाऱ्या एका मुलाचा आहे, थोडक्यात असा: अमेरिकेतले लेट नाईट शो, म्हणजे रात्री उशिरा टीव्हीवर लागणारे विनोदी गप्पांचे कार्यक्रम, एका पक्षाचे झाले म्हणून बुडाले असं सगळे म्हणतात ते खरं का, आणि मराठीत राजकीय कॉमेडी करायची तर बाजू घ्यावी की सगळ्यांना सारखं ठोकावं? त्याचा लाडकी बहीण योजनेवरचा एक बिट, म्हणजे स्टेजवर करायचा विनोदाचा तुकडा, आहे, तो पुण्यात कॅफेमध्ये तुफान चालतो आणि तोच बिट तालुक्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला साफ पडतो, तर असं का?

मी बरीच वर्षं टीव्हीसाठी स्किटं आणि अँकरची बडबड लिहितोय, मधे टॉक शोंचे प्रश्नही लिहून दिले, आता नव्या पोरांचं मटेरियल बघून देतो. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाजू घेतल्याने कॉमेडी बिघडते हे मला पटत नाही. आपल्याच समोर बसलेली, आपल्याच बाजूची माणसं नाराज होतील ही भीती एकदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात बसली की मग मात्र बिघडते, आणि ही भीती बाजू न घेणाऱ्यालाही असतेच.

अमेरिकेपासून सुरू करू. जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं एनबीसीवर टुनाईट शो केला. तेव्हा देशभरात मोठी नेटवर्क तीन, त्यामुळे रात्री साडेअकराला ज्याला झोप येत नाही तो याच्याकडेच येणार, मग तो टेक्सासचा शेतकरी असो नाहीतर न्यूयॉर्कचा वकील. कार्सनने निक्सनवर जोक केले, कार्टरवर केले, रेगनवर केले, पण स्वतः मत कुणाला देतो ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. लोक म्हणतात बघा काय संयम होता, काय सभ्य जमाना होता. अहो संयम कसला, धंदाच तसा होता! सगळ्या देशाला साबण विकायचा असेल तर अर्ध्या देशाला शिव्या देऊन चालत नाही. आणि जो हे गणित पाळायचा नाही त्याचं काय व्हायचं तेही बघा. स्मदर्स ब्रदर्स नावाचे दोघे भाऊ सीबीएसवर शो करायचे, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलायचे, चॅनलच्या सेन्सॉरशी त्यांची सतत भांडणं चालायची, १९६९ ला शो काढून टाकला. त्यामुळे जुन्या काळी सगळे तटस्थ होते असं कुणी म्हणालं की मी विचारतो, होते की ठेवले होते?

मग तो काळ गेला. याचं खापर बरेच जण फेअरनेस डॉक्ट्रिनवर फोडतात, म्हणजे रेडिओ-टीव्हीने वादाच्या विषयावर दुसरी बाजूही दाखवली पाहिजे हा १९४९ चा सरकारी नियम, तो १९८७ मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ हा कट्टर उजवा बोलणारा देशभरच्या रेडिओवर आला. रेडिओच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण कॉमेडीला फिरवलं ते केबलने, आणि केबलला तो नियम मुळात लागूच नव्हता. १९९६ या एका वर्षात पुढे डावीकडे झुकलेलं बातम्यांचं चॅनल एमएसएनबीसी, बातम्यांची टिंगल करणारा डेली शो आणि उजवीकडचं चॅनल फॉक्स न्यूज असे तिघंही सुरू झाले, तेही जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत. बातम्या वाटल्या गेल्या आणि बातम्यांची टिंगलही त्याच सुमाराला वाटली गेली. आता तुम्हाला सगळा देश नको होता, दहा-वीस लाख हक्काची माणसं रोज आली तरी दुकान चालत होतं.

जॉन स्टुअर्ट १९९९ ला डेली शोवर होस्ट म्हणून आला आणि त्याच्या टीमने एक पद्धत पक्की केली. नेता आज काय म्हणाला त्याची क्लिप, लगेच त्याच्या खाली तोच नेता तीन वर्षांपूर्वी काय म्हणाला त्याची क्लिप, आणि मग होस्टने काही न बोलता फक्त कॅमेऱ्याकडे बघायचं. जोक नेत्यानेच लिहून ठेवलेला असतो, आपण फक्त जुळवाजुळव करायची. ही पद्धत आपल्याकडे कॉमेडियनच्या आधी एका राजकारण्याने गाजवली. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंनी एकही उमेदवार उभा केला नाही आणि सभा मात्र दणक्यात घेतल्या, "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत मोदींची जुनी भाषणं आणि जाहिराती मैदानात पडद्यावर दाखवल्या. मी स्वतः त्या सभा धंद्याच्या नजरेने बघितल्या, टायमिंग म्हणजे अगदी लेट नाईटच्या होस्टचं, क्लिप संपल्यावर किती थांबायचं हे त्या माणसाला बरोबर कळतं. नंतर २०२४ च्या गुढीपाडव्याला त्यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला, आणि लोकांनी त्यांचेच जुने व्हिडिओ लावले. क्लिपवाल्या पद्धतीचं हे असंच असतं, ती कुणाच्याच मालकीची राहत नाही.

आता पक्षीय विभागणीचा लिहिण्यावर परिणाम काय होतो ते सांगतो, हे बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. जोकमध्ये सेटअप आणि पंच असतो. सेटअप म्हणजे समोरच्याला तेवढीच माहिती द्यायची की पंच बसेल. मिश्र प्रेक्षक असला की सेटअप नीट बांधावा लागतो, कारण अर्ध्या लोकांना ती बातमी माहीत नसते आणि उरलेल्यांना वेगळी माहीत असते. प्रेक्षक सगळा एकाच बाजूचा झाला की सेटअप आखडत जातो. सगळ्यांना आधीच राग असतो, सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग हळूहळू सेटअप गायब होतो आणि नुसतं नाव घेतलं की आवाज येतो. त्या आवाजाला लेखक हशा समजतो, पण ती टाळी असते. हशा माणसाला येतो, त्याला थांबवता येत नाही. टाळी तो ठरवून वाजवतो, "मी तुझ्या बाजूचा आहे" हे सांगायला. फ्लोअरवर उभं राहिलं की फरक कानाला लगेच कळतो, हशा एकदम फुटतो आणि टाळी अर्धा सेकंद उशिरा येते. आणि टाळी घ्यायची सवय दारूसारखी आहे, पहिल्या महिन्यात एक पेग पुरतो, वर्षाने बाटली लागते, म्हणजे रोज कालच्यापेक्षा जास्त कडक बोलावं लागतं आणि विनोद तितकाच पातळ होत जातो.

सॅटर्डे नाईट लाईव्ह या स्किटांच्या शोमध्ये हे अगदी नजरेसमोर घडलेलं दिसतं. १९७५-७६ मध्ये चेव्ही चेस प्रेसिडेंट फोर्ड करायचा, मेकअप नाही, आवाज नाही, नुसता धडपडायचा. फोर्डचा प्रेस सेक्रेटरी स्वतः येऊन एक एपिसोड होस्ट करून गेला. नंतर डॅना कार्व्ही थोरल्या बुशची नक्कल करायचा, हातवारे, अर्धवट वाक्यं, सावधपणा, आणि १९९२ ची निवडणूक हरल्यावर त्याच बुशने डिसेंबरमध्ये कार्व्हीला व्हाईट हाऊसला बोलावून घेतलं. कार्व्हीची नक्कल त्या माणसाच्या सवयींवर होती, बुशचा मतदारही त्यावर हसू शकत होता. २०१६ मध्ये अॅलेक बाल्डविनचा ट्रम्प आला तेव्हा त्यात निरीक्षणापेक्षा निषेध जास्त होता. मी बाल्डविनचे ते एपिसोड आवडीने बघायचो, खोटं कशाला बोलू, पण महिन्याभराने लक्षात आलं की आपण हसत नाही आहोत, मान डोलावतोय.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टुनाईट शोचा होस्ट जिमी फॅलनने ट्रम्पला शोवर बोलावून त्याचे केस विस्कटले होते, प्रेमाने, गंमत म्हणून. कार्सनच्या काळी असली गंमत सहज खपली असती. फॅलनला मात्र लोकांनी धुऊन काढलं की तू या माणसाला गोंडस करून दाखवतोस. दुसरीकडे स्टीव्हन कोलबेर, जो २०१५ ला सीबीएसवर आल्यावर चाचपडत होता, तो रोज ट्रम्पवर तुटून पडायला लागला आणि २०१७ मध्ये आकड्यांत फॅलनच्या पुढे गेला. सगळ्या चॅनलांनी यातून धडा घेतला की तटस्थ राहिलं की मार बसतो आणि बाजू घेतली की प्रेक्षक येतो. त्यामुळे "पक्षीय झाले म्हणून बुडाले" हे वाक्य निदान त्या काळापुरतं उलटं आहे, पक्षीय झाले म्हणून तरले.

मग बुडाले कशाने? जुलै २०२५ मध्ये सीबीएसने जाहीर केलं की कोलबेरचा शो मे २०२६ मध्ये बंद. कारण दिलं निव्वळ आर्थिक. आता हे पूर्ण खोटं नाही, रात्री साडेअकराला टीव्हीसमोर बसणारा माणूसच कमी झालाय, सकाळी मोबाईलवर पाच मिनिटांची क्लिप बघतो, आणि शंभर-दोनशे माणसांचा स्टाफ क्लिपच्या जाहिरातीवर पोसला जात नाही. पण आपल्या वेळेच्या नेटवर्क शोमध्ये कोलबेर पहिल्या नंबरवर होता. आणि घोषणेच्या आधी काही दिवस सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, ट्रम्पचा एक खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला होता, तिला स्कायडान्स या कंपनीत विलीन व्हायला सरकारी मंजुरी हवी होती, ती घोषणेनंतर आठवड्याभरात मिळाली. आता ज्याने त्याने काय ते ठरवावं. सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसीवरच्या जिमी किमेलचं झालं ते तर उघड्यावरच. ट्रम्पसमर्थक तरुण नेता चार्ली कर्कच्या हत्येनंतर किमेलने मोनोलॉगमध्ये, म्हणजे शोच्या सुरुवातीच्या बोलण्यात, जे म्हटलं त्यावर गदारोळ झाला, रेडिओ-टीव्हीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, एफसीसीचा, प्रमुख त्याच्याविरुद्ध जाहीर बोलला, नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या गावोगावची स्टेशनं चालवणाऱ्या कंपन्यांनी शो लावायला नकार दिला, एबीसीने शो थांबवला, आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर आठवड्याच्या आत परत आणला. नेक्सस्टारलाही तेव्हा एक मोठी कंपनी विकत घ्यायला त्याच एफसीसीची परवानगी हवी होती. बिल मार नावाच्या होस्टला २००१ मध्ये, ९/११ नंतरच्या एका वाक्यावरून, जाहिरातदारांनी सोडलं होतं आणि पुढच्या वर्षी शो गेला. जाहिरातदाराचा राग आणि सरकारी परवानगीचा धाक यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पक्षीय विनोदावर लोक नुसतं लेक्चर देतात, आणि पक्षीय सत्ता विनोदाचं काय करते यावर गप्प बसतात, ते मला खटकतं.

उजव्या बाजूला विनोद जमतच नाही असंही एक आवडतं मत आहे. २००७ मध्ये फॉक्स न्यूजने डेली शोला उत्तर म्हणून अर्ध्या तासाचा एक शो काढला होता, मागे रेकॉर्ड केलेला हशा, काही महिन्यांत बंद पडला, तेव्हापासून हे मत पक्कं झालं. पण २०२१ पासून ग्रेग गटफेल्डचा शो तिथेच चालतोय आणि त्याच वर्षी त्याने काही आठवडे कोलबेरपेक्षा जास्त प्रेक्षक घेतले. (२०२३ पासून तो रात्री दहाला लागतो, साडेअकराच्या शोशी सरळ तुलना करू नका, तरी आकडे मोठेच आहेत.) तेव्हा जमत नाही हे चूक आहे. गटफेल्डला रोग तोच आहे जो कोलबेरला आहे. दोघांनाही आपल्या प्रेक्षकाच्या घरातली घाण दाखवता येत नाही. बायडेनचं वय झालंय हे अख्ख्या देशाला दिसत असताना डेमोक्रॅट प्रेक्षकांच्या शोंमध्ये त्यावर फार जपून बोललं जायचं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परत आलेल्या स्टुअर्टने पहिल्याच दिवशी बायडेन आणि ट्रम्प दोघांच्या वयावर सरळ बोट ठेवलं तर त्याच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या.

उपरोधाचं अजून एक आहे, ते लिहिणाऱ्यांनी पाठच करावं. २००५ ते २०१४ कोलबेर एका कट्टर उजव्या अँकरचं सोंग घेऊन शो करायचा. २००९ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यात दोन्ही बाजूंना तो सारखाच विनोदी वाटत होता, पण उजव्या विचारांच्या लोकांना असंही वाटत होतं की हा विनोदाचा आव आणतोय, मनातून हेच मानतो. म्हणजे एकच वाक्य, दोघेही हसले, आणि दोघे वेगवेगळं ऐकून घरी गेले. तुम्ही स्टेजवर सोंग घेऊन बोलत असाल तर हे लक्षात ठेवा, उपरोध कुंपण ओलांडत नाही.

टॉक शोचं थोडं वेगळं आहे. तिथे पक्षीयपणाचा पहिला बळी जातो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, उत्तरानंतरचा जो उलट प्रश्न असतो तो आपल्या बाजूच्या पाहुण्याला विचारला जात नाही. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये स्टुअर्ट सीएनएनच्या क्रॉसफायर या भांडणाच्या कार्यक्रमात गेला आणि तुम्ही देशाचं नुकसान करताय म्हणून त्यांना सुनावलं, ती क्लिप आजही फिरते, तीन महिन्यांनी चॅनलने तो कार्यक्रम गुंडाळला. पण समोर बसलेला त्या कार्यक्रमाचा उजव्या बाजूचा होस्ट टकर कार्लसन तेव्हा त्याला म्हणाला होता की तू डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरीला इतके गुळगुळीत प्रश्न का विचारलेस? त्यावर स्टुअर्टचं उत्तर साधारण असं की माझ्या शोच्या आधी बाहुल्या फोनवर चेष्टा करतात, मी कॉमेडियन आहे. लोक हसले, पण प्रश्न योग्य होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. कॉमेडियन म्हणून ढाल घ्यायची आणि मत मात्र संपादकाचं द्यायचं, दोन्ही एकदम चालत नाही. २०२४ मध्ये तर पाहुण्यांनी कटकटच मिटवली, ट्रम्प जो रोगन, थिओ व्हॉन, अँड्र्यू शुल्झ यांच्या पॉडकास्टला गेला, कमला हॅरिस कोलबेरकडे जाऊन बिअर प्यायली. ज्याने त्याने आपापलं सासर सोडून माहेर गाठलं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात पक्षीय विनोद ही नवीन आणलेली वस्तू आहे असं समजू नका. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते उघड उघड कम्युनिस्टांचं होतं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक समाजवाद्यांचं, त्यातून निळू फुले आणि राम नगरकर आले. दादा कोंडके सेवा दलातूनच आलेले, वसंत सबनिसांच्या "विच्छा माझी पुरी करा" मध्ये ते त्या दिवशीच्या पेपरातलं राजकारण आयत्या वेळी घालायचे, आणि पुढे ते शिवसेनेच्या स्टेजवर दिसायला लागले. यातलं कुणीच तटस्थ नव्हतं. तरी ते चाललं, आणि माझ्या मते त्याचं कारण समोरची गर्दी. तमाशाच्या कनातीत किंवा गावच्या मैदानात पुढच्या रांगेला काँग्रेसचा पाटील बसलेला असतो, मागे शेकापवाला, एका बाजूला बाया. राजाची आणि प्रधानाची टिंगल करता करता पाटलालाही हसवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी सुपारी नाही. त्यामुळे सोंगाड्याला सेटअप नीट बांधावाच लागायचा.

आणि जी शिवसेना पुढे राज्यावर बसली ती तर व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातूनच वाढली, मार्मिक १९६० चं आणि सेना १९६६ ची. त्याच नावाच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मार्च २०२५ मध्ये खारचा हॅबिटॅट हा कॉमेडी शोंचा स्टुडिओ फोडला, कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन गाणं म्हटलं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी महापालिका हातोडा घेऊन तिथे पोचली. इतकी वर्षं त्या बांधकामाकडे कुणाचं लक्ष नव्हतं म्हणे. पण हे एकाच पक्षाच्या नावावर टाकून हात झटकू नका. २०१२ मध्ये असीम त्रिवेदीला व्यंगचित्रांवरून राजद्रोहाखाली मुंबईत अटक झाली तेव्हा राज्यात आणि केंद्रात काँग्रेस-राष्ट्रवादी होती. २०२२ मध्ये पवारांवरची कविता शेअर केली म्हणून एका अभिनेत्रीला महिन्याहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला तेव्हा महाविकास आघाडी होती. प्रत्येक पक्षाचे समर्थक यातली एक घटना पाठ करतात आणि दोन विसरतात.

या सगळ्याचा मराठी टीव्हीवर परिणाम अमेरिकेच्या उलट झाला. तिथे पक्षीयपणाने शो कडक झाले, इथे मऊ झाले. स्क्रिप्ट गेली की चॅनलकडून नोट येते, पक्षाचं नाव काढा, चिन्ह काढा, मफलरचा रंग बदला. एकदा मला असं सांगितलं गेलं की चार पक्षांवर प्रत्येकी एक जोक ठेवा म्हणजे बॅलन्स होईल. आता एकाने धरणाचे पैसे खाल्ले आणि दुसऱ्याचा माईक बंद पडला, तर दोन्हींवर एकेक जोक हा कुठला बॅलन्स? त्यातून मग आवाजाची नक्कल तेवढी उरते. आवाज हुबेहूब, वाक्यं बिनकामाची, नेता पुढच्या रांगेत बसून हसतोय, कॅमेरा त्याच्या हसण्यावर. ती टिंगल राहत नाही, प्रचार होतो, तोही फुकटचा. आणि २०१७ मध्ये श्याम रंगीला या नकलाकाराने एका हिंदी शोमध्ये मोदींची केलेली नक्कल चॅनलने दाखवलीच नाही. टॉक शोमध्ये नेत्याला लव्ह मॅरेज विचारायचं, आवडती भाजी विचारायची, शेवटी गाणं म्हणायला लावायचं. बाजू न घेणं म्हणजे हे असेल तर त्यापेक्षा बाजू घेतलेली बरी.

पण मराठी लेखकाला एक गोष्ट अमेरिकेतल्या लेखकाकडे नाही अशी मिळाली आहे, आपले पक्ष जागेवर राहत नाहीत. २७ जून २०२३ ला मोदी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीवर सुमारे सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप करतात आणि २ जुलैला अजित पवार भाजपबरोबर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतात, मधे पाच दिवस. ज्या लेखकाने पक्षाची बाजू घेतली होती, इकडची किंवा तिकडची, त्याचं अर्धं मटेरियल त्या रविवारी रद्दीत गेलं, काल ज्याला चोर म्हटलं त्याला आज साहेब म्हणायचं, किंवा काल ज्याचा बचाव केला त्याला आज गद्दार. ज्याने फक्त कोण काय म्हणाला याची वही ठेवली होती त्याला मात्र दिवाळी. म्हणून मी पोरांना सांगतो बाजू घ्या, खुशाल घ्या, पण पक्षाची घेऊ नका, वहीची घ्या. तारीख, ठिकाण, वाक्य. लिहून झालं की एक तपासणी करा, जोकमधल्या नेत्याच्या जागी विरोधी नेत्याचं नाव टाका. जोक तितकाच चालला तर तो जोक कुणावरच नाही, "नेते खोटं बोलतात" छाप आहे, फेकून द्या. नाव बदलल्यावर कोसळला तर तो त्या माणसाच्या त्या कृतीवर आहे, तो ठेवा.

आता तुमचा बिट. मी तो वाचला. त्यात पंच असा आहे की पंधराशे रुपयांत बायकांनी मत विकलं. पुण्याच्या कॅफेत तिकीट काढून आलेली पोरं सरकारवर आधीच चिडलेली आहेत, ती टाळी देतायत, हसत नाहीयेत, रेकॉर्डिंग परत ऐका, आवाज अर्धा सेकंद उशिरा येतोय. तालुक्याच्या गॅदरिंगला समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या आईच्या खात्यात ते पैसे येतात, काहींची फीच त्यातून गेली असेल. तुम्ही सरकारवर मारलेला दगड त्यांच्या आईला लागला, ते कशाला हसतील? इथे तुमची बाजू चुकलेली नाही, माणूस चुकलाय. सत्तेत कोण आहे त्याला धरा. आणि विरोधी पक्षाला सोडलंय तुम्ही, पूर्ण सोडलंय, कारण कॅफेतल्या पोरांना ते आवडणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. जुलै २०२२ मध्ये मोदी रेवडी संस्कृतीवर टीका करतात, २०२४ मध्ये त्यांच्याच युतीचं सरकार पंधराशे देतं आणि निवडणुकीत एकवीसशे म्हणतं, आणि आधी तिजोरी रिकामी होईल म्हणून ओरडणारी महाविकास आघाडी जाहीरनाम्यात तीन हजार लिहिते. हा सरळ लिलाव आहे, पंधराशे एक, एकवीसशे दोन, तीन हजार तीन, हातोडीसकट करता येईल, आणि यात बाई मूर्ख ठरत नाही, उलट ती एकटीच शांत बसून भाव वाढताना बघतेय. दुसरा अर्धा भाग २०२५ च्या बातमीवर बांधा, की योजनेचे पैसे हजारो पुरुषांच्या खात्यात गेल्याचं निघालं. एक मिशीवाला लाडकी बहीण म्हणून केवायसी करायला तहसीलमध्ये आलाय आणि क्लार्क त्याला विचारतोय की ताई, पतीचं नाव काय. तिथून पुढे तुम्ही लिहा, आणि आधी तालुक्यालाच करून बघा, कॅफे नंतर.